समोर कोण आलेला नको?



एरवी या पानावर मी तुमच्याशी तुडतुड्यांविषयी बोलतो, भुरीविषयी बोलतो, खताच्या मात्रेविषयी बोलतो. आज फुटबॉलविषयी बोलणार आहे. "साहेबांना ऊन लागले की काय?" असे म्हणू नका. लेख पुरा वाचा. फिरून फिरून आपण शेवटी आपल्या बागेतच येऊन पोचणार आहोत.

माझी नेमणूक सावंतवाडी तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगतच्या गावांत आहे. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो. इकडची कितीतरी मुले नोकरीधंद्यासाठी रोज गोव्यात जाऊन येऊन असतात. येताना पगार आणतात, तसे फुटबॉलचे वेडही आणतात. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे कोणाच्याही पडवीत बसा, दोनच विषय कानांवर पडतात. एक, वाशीच्या बाजारात पेटीला काय दर निघाला. आणि दुसरा, एफसी गोवा या संघाचे पुढे काय होणार.

गंमत पाहा. या संघाचे चिन्ह आहे गवा. ज्या गव्याने आमच्या भाताची नासाडी केली, काजूची रोपे तुडवली, ज्याच्यासाठी आम्ही नुकसानभरपाईचे पंचनामे करून करून थकलो, त्याच गव्याच्या नावाने आमची पोरे घसा बसेपर्यंत ओरडतात! एका म्हाताऱ्या बागायतदारांना मी हे बोललो. ते हसून म्हणाले, "शेतात नको असा, टीव्हीत चलता."

आता मुद्द्याकडे येतो.

पाडव्याच्या आदली रात्र

गोष्ट २९ मार्च २०२५ ची. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. मी एका आंबा बागायतदारांकडे फळांची वाढ पाहायला गेलो होतो. अंधार पडला, तेव्हा घरच्या माणसांनी जेवूनच जाण्याचा आग्रह धरला. पडवीत गावातली आठ-दहा मुले जमली होती. टीव्ही लावलेला होता आणि मध्ये एक वही उघडी पडली होती. पिकाच्या पाहणीला निघालेल्या कृषि सहायकाची असावी तशी वही. रकाने पाडलेली, आकडे भरलेली.

ज्यांना या खेळाची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंडियन सुपर लीग या स्पर्धेत २०२४-२५ च्या हंगामात १३ संघ होते. प्रत्येकाने २४ सामने खेळायचे. जिंकले तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. ही झाली साखळी. साखळी संपली की पहिले सहा संघ पुढे जायचे. त्यांतले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. उरलेल्या चौघांत तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी एकच सामना खेळायचा. हरला तो घरी गेला. उपांत्य फेरीत मात्र दोन सामने. एक आपल्या गावी, एक त्याच्या गावी. दोन्हींच्या गोलांची बेरीज करायची आणि ज्याची जास्त तो अंतिम सामन्याला.

म्हणजे बघा, साखळी हा वर्षभराचा संसार आहे. एखाद्या महिन्यात तोटा आला तर पुढच्या महिन्यात भरून काढता येतो. बाद फेरी म्हणजे काढणीचा आठवडा. तिथे चुकले तर वर्षाची मेहनत वाया.

त्या वर्षी कोलकात्याचा मोहन बागान ५६ गुण घेऊन पहिला आला होता. गोवा ४८ गुणांसह दुसरा. तिसरा बंगळुरू, चौथा नॉर्थईस्ट युनायटेड, पाचवा जमशेदपूर. या तिघांचेही सारखेच ३८ गुण. सहावा मुंबई सिटी, ३६ गुणांवर. गोवा थेट उपांत्य फेरीत होता आणि त्याची गाठ बंगळुरू-मुंबई सामन्यात जिंकेल त्याच्याशी पडणार होती. तोच सामना त्या रात्री टीव्हीवर होता.

वहीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: "समोर कोण आलेला नको?"

मुलांचा हिशेब

मला मुलांचे कौतुक वाटले. नुसता आरडाओरडा नव्हता. एकेका संघाची रीतसर पाहणी चालली होती.

मोहन बागान? तो सर्वांत बलवान, यात वाद नव्हता. पण त्याची गाठ पडलीच तर अंतिम सामन्यात. शिवाय डिसेंबरमध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर गोव्याने त्याला २–१ असे हरवले होते. "मोठो असा, पण मार खातलो," असा शेरा पडला.

नॉर्थईस्ट? त्यांच्याकडे मोरोक्कोचा अलाएद्दीन अजराई. त्या एका गड्याने साखळीत २३ गोल केलेले. पण एकाच गड्यावर उभा असलेला संघ म्हणजे एकाच खांबावरची माटवी. तो खांब धरून ठेवला की झाले, असे मुलांचे मत.

जमशेदपूर? इथे मुले थोडी गप्प झाली. जमशेदपूरने साखळीतल्या दोन्ही सामन्यांत गोव्याला हरवले होते. पण तोही दुसऱ्या बाजूला होता. आताच चिंता नको.

बंगळुरू? नोव्हेंबरमध्ये गोव्याने घरी ३–० असे झोडपलेले. डिसेंबरमध्ये बंगळुरूत २–२ बरोबरी. म्हणजे वर्षभरात बंगळुरूला गोव्याविरुद्ध एकही विजय नाही. गुणतक्त्यात दहा गुणांचे अंतर. शेरा: "चलात."

आणि मुंबई? मुंबईचे नाव निघताच एकाने कपाळाला हात लावला. "साहेबानू, कोणय येवंदे, पण मुंबय नको!"

कारण तसेच होते. २०२१ च्या मार्चमध्ये उपांत्य फेरीत मुंबईनेच गोव्याला बाहेर काढले. २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मुंबईनेच. सहाव्या क्रमांकावर असला म्हणून काय झाले, एकदा चावलेले जनावर माणूस विसरत नाही.

मलाही तो हिशेब पटला. मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचे. मुंबई गेली तर बरे."

आणि मुंबई गेली! साधीसुधी नाही, बंगळुरूने ५–० असा धुव्वा उडवला. पडवीत एकच जल्लोष झाला. "सुटलंव एकदाचे!" घरातून चहा आला, पाडव्यासाठी केलेल्या गोडाचे दोन घास आदल्या रात्रीच सर्वांच्या तोंडात पडले.

बंधूंनो, त्या रात्री आम्ही काय पाहिले? आम्ही मुंबईचा पराभव पाहिला. समोर उभा असलेला बंगळुरूचा विजय पाहिलाच नाही. पाच गोल करणारा संघ चार दिवसांनी आपल्याच अंगावर येणार आहे, हे त्या पडवीत एकाच्याही डोक्यात आले नाही. माझ्याही नाही.

रामनवमीचा दिवस

२ एप्रिलला पहिला सामना बंगळुरूत झाला. गोवा ०–२ असा हरला. पण मुलांनी धीर सोडला नाही. दुसरा सामना रविवारी, ६ एप्रिलला, मडगावजवळच्या फातोर्ड्याला होता. त्या दिवशी रामनवमी. दुपारी देवळात रामजन्म झाला, सुंठवडा हातावर घेतला आणि टेंपो निघाला. मुलांनी मलाही ओढून नेले. आमच्या यजमानांची कॉलेजात शिकणारी मुलगीही भावाबरोबर आली होती. वही तिच्याच हातात होती.

मैदान माणसांनी फुलले होते. मध्यंतरानंतर लगेच, ४९ व्या मिनिटाला, बोर्हा हेरेराने गोल केला. आता एकच हवा होता. वेळ सरू लागला. साठ मिनिटे, सत्तर, ऐंशी. ८८ व्या मिनिटाला आर्मांडो सादिकूने दुसरा गोल केला आणि सबंध मैदान उभे राहिले. बेरीज २–२ झाली होती. आता जादा वेळ, आणि घरचे मैदान. माझ्या शेजारचा मुलगा रडत होता, हसत होता. त्याला स्वतःलाच कळत नव्हते.

चार मिनिटेही गेली नाहीत. नव्वद मिनिटे होऊन भरपाईचे दुसरे मिनिट चालू होते. बाजूने चेंडू आत आला आणि सुनील छेत्रीने तो डोक्याने जाळ्यात घातला. छेत्री तेव्हा चाळिशीचा होता. पडवीतल्या आमच्या वहीत बंगळुरूच्या पानावर त्याच्या नावापुढे लिहिलेले होते, "वय झाले."

बेरीज ३–२. गोवा बाहेर.

परतीच्या वाटेवर टेंपोत कोणी बोलले नाही. पत्रादेवीच्या नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा एकजण म्हणाला, "नशीबच फुटके." बाकीच्यांनी माना हलवल्या.

मला मात्र हा शब्द ऐकला की अस्वस्थ व्हायला होते. तीस वर्षे मी शेतकऱ्यांच्या तोंडून तो ऐकत आलो आहे. पीक गेले की "नशीब". कधीकधी ते खरेही असते. पण नशीब म्हटले की चौकशी थांबते, आणि चौकशी थांबली की पुढच्या वर्षी तेच पुन्हा होते. मी मुलांना म्हटले, "पुढच्या रविवारी बसू. वही घेऊन या."

आठ पराभवांची पाहणी

पुढच्या रविवारी बसलो. मी म्हटले, बागेत कीड पडली तर आपण आधी काय करतो? मागच्या वर्षांच्या नोंदी पाहतो. तेव्हा या संघाच्या सगळ्या नोंदी काढा.

ही स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत गोवा आठ वेळा साखळी ओलांडून पुढे गेला आणि आठही वेळा मोकळ्या हाताने परतला. कोणी कोणी हरवले? चेन्नईयिनने तीन वेळा, बंगळुरूने दोन वेळा, मुंबईने दोन वेळा आणि कोलकात्याच्या संघाने एकदा.

"म्हणजे मुंबईपेक्षा चेन्नई वाईट!" एकजण म्हणाला. बघा, भीती एका गोष्टीची आणि नोंद दुसऱ्याच गोष्टीची. मुंबईचा घाव ताजा होता म्हणून मोठा वाटत होता, इतकेच.

मग मी विचारले, या आठ वेळांत हरवणारा संघ गुणतक्त्यात गोव्याच्या वर होता की खाली? मुलांनी शोधले. २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४ मध्ये वर होता. २०१४, २०१५, २०२० आणि २०२५ मध्ये खाली होता. चार आणि चार! २०१५ आणि २०२० मध्ये तर गोवा साखळीत पहिला होता आणि तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाच्या चेन्नईने त्याला हरवले. म्हणजे ज्या गुणतक्त्यावर बोट ठेवून आम्ही "हा चलात, तो नको" असे ठरवत होतो, त्याचा या कामी काडीचा उपयोग नव्हता.

मुले विचारात पडली. तेवढ्यात ती यजमानांची लेक, जी इतका वेळ नुसती लिहून घेत होती, ती म्हणाली, "काका, कोण इलो ता तुमी लिवलास. पण तो कधी इलो ता खय लिवलास?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. एवढी वर्षे मी गावोगाव सांगत फिरतो, की किडीचे नाव कळून भागत नाही, ती पिकाच्या कोणत्या अवस्थेत येते ते कळले पाहिजे. आणि इथे मीच तो रकाना पाडायला विसरलो होतो.

तिने नवा रकाना पाडला. वर लिहिले, "कितव्या मिनिटाला".

आता तो रकाना वाचा.

२०१४, उपांत्य फेरी, कोलकाता. दोन्ही सामने ०–० आणि पेनल्टीवर पराभव.

२०१५, अंतिम सामना, फातोर्डा. समोर चेन्नई. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून गोव्याला २–१ असे पुढे नेले. ९० व्या मिनिटाला गोव्याच्याच गोलरक्षकाच्या नावावर स्वयंगोल लागला आणि भरपाईच्या दुसऱ्या मिनिटाला मेंडोझाने तिसरा गोल केला. करंडक हातात येता येता गेला.

२०१८, उपांत्य फेरी, चेन्नई. घरी १–१ आणि तिकडे ०–३. सरळ पराभव.

२०१९, अंतिम सामना, मुंबईत. समोर बंगळुरू. नव्वद मिनिटे ०–० आणि जादा वेळात, सामना संपायला तीनच मिनिटे उरली असताना, ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेचा गोल.

२०२०, उपांत्य फेरी, चेन्नई. तिकडे १–४ आणि घरी ४–२. बेरीज ५–६. हाही पहिल्याच सामन्यात गमावलेला.

२०२१, उपांत्य फेरी, मुंबई. करोनामुळे सारी स्पर्धा गोव्यातच, प्रेक्षकांविना झाली. २–२, मग ०–०, आणि पेनल्टीवर ५–६.

२०२४, उपांत्य फेरी, पुन्हा मुंबई. फातोर्ड्याला ९० व्या मिनिटापर्यंत गोवा २–० असा पुढे. मग ९० व्या मिनिटाला छांगटे, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंग आणि भरपाईच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. २–३! पाच दिवसांनी मुंबईत ०–२.

२०२५, उपांत्य फेरी, बंगळुरू. भरपाईचे दुसरे मिनिट, छेत्री.

आठांपैकी दोन पराभव सरळ. दोन पेनल्टीचे. आणि चार अगदी शेवटच्या मिनिटांतले. चार वेळांत संघ तीन, गडी वेगवेगळे, मैदानेही दोन. सारखी होती ती एकच गोष्ट: घड्याळाचा काटा.

पडवीत बसलेले मुलीचे आजोबा इतका वेळ पान जुळवीत होते. ते म्हणाले, "आंबो पेटयेत पडल्याशिवाय आपलो म्हणू नये." आणि पान तोंडात टाकले.

असे का होते?

मुलांनी मला विचारले तसे तुम्हीही विचाराल. मी काही फुटबॉलचा जाणकार नव्हे. पण इतकी वर्षे पाहून जे कळले ते सांगतो.

ऐंशी मिनिटे धावल्यावर पाय जड होतात आणि पायांच्या आधी डोके थकते. ज्याने आपला माणूस धरून ठेवायचा तो अर्धे पाऊल मागे राहतो. दुसरे म्हणजे, पुढे असलेला संघ राखायला लागतो. मागे सरकतो, चेंडू दूर भिरकावतो. आणि मागे असलेल्याला गमावण्यासारखे काहीच नसते, म्हणून तो सगळी माणसे पुढे घालतो. तिसरे, प्रत्येक संघाला पाच बदली गडी उतरवता येतात. समोरच्याने ताजे पाय शिल्लक ठेवलेले असले, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत तुम्ही एका वेगळ्याच संघाशी खेळत असता.

मग समोरच्याची पारख कशी करायची? त्या रविवारी मुलांबरोबर बसून आम्ही चार प्रश्न ठरवले.

पहिला प्रश्न: तो आत्ता कसा आहे? वर्षभरात कसा होता हे गुणतक्ता सांगतो. या आठवड्यात कसा आहे ते सांगत नाही. मुंबईला ५–० असे हरवणारा बंगळुरू हा नोव्हेंबरात ०–३ असा हरलेला बंगळुरू नव्हता.

दुसरा प्रश्न: तो आपल्याला किती ओळखतो? २०२१ च्या मुंबई संघाचे प्रशिक्षक होते सर्जिओ लोबेरा. ते त्याआधी गोव्याचेच प्रशिक्षक होते. अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमूस आणि गोव्याचाच मंदार राव देसाई, हे सारे गोव्याकडून मुंबईकडे गेलेले. घरातली चूल कुठे आणि कोठी कुठे हे ज्याला ठाऊक, त्याला दाराची कडी कितीशी अडवणार?

तिसरा प्रश्न: शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी त्याच्याकडे काय शिल्लक आहे? ताजे पाय कोणाचे, आणि संधी ओळखणारा जुना गडी कोण? छेत्रीचे वय आम्ही लिहिले. एवढ्या वर्षांत गोलापुढे कुठे उभे राहायचे हे त्याला किती पक्के ठाऊक झाले असेल, ते लिहिले नाही.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो समोरच्याविषयी नाहीच: आपण स्वतः कधी ढिले पडतो? डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूतल्या त्या २–२ बरोबरीकडे परत पाहा. गोवा त्या सामन्यात २–० असा पुढे होता आणि उत्तरार्धात दोन्ही गोल फिटले. आम्ही वहीत लिहिले होते, "परक्या मैदानावर बरोबरी, चांगले." तो तर इशारा होता!

माझी स्वतःची चूक

आता तुम्हाला माझी एक गोष्ट सांगतो. लपवून काय उपयोग?

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नोकरीत नवा असताना, एका बागायतदारांच्या हापूसच्या बागेकडे मी जातीने लक्ष दिले होते. मोहोरावर तुडतुडे आले, वेळेवर फवारणी केली. भुरी आली, तीही आवरली. मोठमोठे म्हणून जे शत्रू आम्हाला पुस्तकात शिकवले होते, त्या सगळ्यांचा बंदोबस्त झाला. झाडे फळांनी लवली होती. मी आत्मविश्वासाने फुगलो होतो.

मे महिना उजाडला. फळ चौदा आणे तयार झाले. बागायतदार म्हणाले, "साहेब, उतरवूया." मी म्हणालो, "चार दिवस थांबा, आणखी थोडे भरू दे, दरही बरा मिळेल." त्यांनी माझा शब्द मानला. तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस झाला आणि पाठोपाठ फळमाशी आली. हाताच्या बोटाच्या पेराएवढीही नसते हो ती! तुडतुड्याने, भुरीने जे केले नाही ते तिने केले. पेट्या भरल्या त्यांतल्या कितीतरी परत आल्या. त्या बागायतदारांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्यांच्या घरच्या बाईंनी नेहमीसारखाच चहा पुढे ठेवला. तो चहा घशाखाली उतरवणे मला फार जड गेले.

मी शत्रू मोजले होते, ते कितपत बलवान आहेत त्यावरून. फळमाशी माझ्या यादीत शेवटची होती, कारण ती लहान. पण ती येते केव्हा? पीक घरात यायच्या वेळी. त्या वेळी ना पुन्हा मोहोर आणता येतो, ना फळ धरता येते. उशिरा येणारा लहान शत्रू हा लवकर येणाऱ्या मोठ्या शत्रूपेक्षा भारी असतो, कारण त्याच्यानंतर सावरायला वेळच उरत नाही.

म्हणून तुम्हालाही सांगतो. बागेची वही करा आणि तिच्यात "कोण" या रकान्याशेजारी "केव्हा" हा रकाना पाडा. फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने तयार केलेला रक्षक सापळा माशी दिसल्यावर नव्हे, दिसण्याआधी टांगा. गळून पडलेली, किडकी फळे बागेत राहू देऊ नका. वेचून खोल पुरा. फळ चौदा आणे झाले की झेल्याने, देठासकट, उन्हाची वेळ टाळून उतरवा. आणखी भरू दे म्हणून झाडावर ठेवण्याचा लोभ धरू नका. जास्त तयार झालेल्या हापूसात साक्याचे प्रमाण वाढते आणि तो बाहेरून दिसतही नाही. झाडाखाली उभे राहून नुसते वर पाहू नका. काढणीच्या आठवड्यात माणसे किती, पेट्या किती, गाडी कोणाची, हे सगळे आधी ठरवा. सगळा दम मोहोरावर खर्च करून काढणीला थकून जाऊ नका.

वहीचे पुढे काय झाले

फुटबॉलची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. त्या पराभवाला महिनाही झाला नव्हता तोच ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरला सुपर कप या दुसऱ्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर कोण, तर जमशेदपूर! साखळीत दोन्ही वेळा हरवणारा, ज्याचे नाव काढताच मुले गप्प झाली होती तो. गोव्याने त्याला ३–० असे हरवले. मागची नोंद म्हणजे पुढचा निकाल नव्हे, हे आणखी एकदा दिसले.

आणि त्याच वर्षी, ७ डिसेंबर २०२५ रोजी, त्या स्पर्धेचा पुढच्या हंगामाचा अंतिम सामना झाला. मैदान फातोर्ड्याचे. समोर कोलकात्याचा ईस्ट बंगाल. आम्ही पुन्हा त्याच पडवीत बसलो होतो. नव्वद मिनिटे ०–०. जादा वेळाचा अर्धा तास ०–०. ११७ वे मिनिट आले तेव्हा पडवीत श्वासाचाही आवाज नव्हता. प्रत्येकाला २०१९ आठवत होते. ते मिनिट गेले. पुढची तीनही गेली. मग पेनल्टी. २०२१ मध्ये याच आकड्यांनी गोवा हरला होता, या वेळी त्याच आकड्यांनी जिंकला: ६–५.

मुलांनी अंगणात फटाके लावले. आजोबा उठून दिवा मालवायला निघाले. मी त्या मुलीला विचारले, "काय लिहिलेस?"

तिने वही पुढे केली. "कोण" या रकान्यात लिहिले होते, ईस्ट बंगाल. "कितव्या मिनिटाला" या रकान्यात एक आडवी रेघ ओढली होती. त्या दिवशी त्या वेळेला कोणी आत आले नव्हते.

तुमच्या वहीत काढणीच्या आठवड्यापुढे अशीच रेघ ओढली जावो. मात्र ती रेघ आपोआप ओढली जात नाही, बरे का.